गाडीखालचा दिवा

नाशिकला लोक देवदर्शनाला जातात, हल्ली द्राक्षांच्या वायनऱ्या बघायलाही जातात. मी गेलो तो एका जुन्या ट्रकखाली पाठीवर पडून राहायला. परत येऊन बरेच दिवस झाले, तरी शर्टाच्या कॉलरवरचा ग्रीसचा डाग निघालेला नाही. बायको म्हणते, शर्ट टाकून द्या. मी देत नाही.

आधी माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. माझी सगळी नोकरी देहूरोडला लष्करी गाड्यांच्या सुट्या भागांच्या भांडारात गेली. गाडी मला आजही चालवता येत नाही. पण शक्तिमान ट्रकचा कुठलाही नट, कडी, ब्रॅकेट हातात द्या, तो कुठे बसतो ते मी सांगेन. निवृत्त झाल्यावर वाटलं, या विद्येचा आता काय उपयोग? तर जुन्या मिलिट्री गाड्या घेऊन त्या मूळ रूपात आणणारी हौशी मंडळी निघाली. ती मला फोटो पाठवतात आणि विचारतात, ‘काका, हे काय आहे?’ मी घरबसल्या सांगतो. लोकांना वाटतं फार मोठं ज्ञान आहे. खरं तर ती नुसती सवय आहे.

अशाच एकाकडून नंबर घेऊन संगीताने नाशिकहून फोन केला तेव्हाही मी फोटो पाठव म्हणालो. ती म्हणाली, “काका, हे फोटोत दिसणारं नाही. तुम्हाला यावंच लागेल.” आवाजात विनंती होती, पण नाही म्हणायला जागा नव्हती. मी पिशवी भरली.

नाशिक

संगीता बसस्थानकावर न्यायला आली होती. पन्नाशीकडे झुकलेली, नाशिकमध्ये एका पतसंस्थेत काम करणारी बाई. गावाकडे निघण्याआधी तिने मला मिसळ खायला नेलं. आमच्याकडे मिसळीत पोहे आणि बटाट्याची भाजी घालतात. इथे मटकी, काळ्या मसाल्याचा रस्सा, वर भाजलेला पापड, शेजारी दह्याची वाटी. रस्सा संपला की न विचारता पुन्हा वाढतात. पहिल्या घासाला मला ठसका लागला आणि दुसऱ्या घासाला मी पुण्याची मिसळ विसरलो. संगीताने मात्र पापडाचे तुकडे करण्यापलीकडे काही केलं नाही. ती बोलत होती.

तिचे वडील रामनाथ सैन्यात ड्रायव्हर होते. संगीता पहिलीत असताना सीमेजवळच्या डोंगरात त्यांचा ट्रक रात्रीचा दरीत गेला. अस्थी घेऊन आलेला जवान परप्रांतातला होता. त्याने जेवढं माहीत होतं तेवढं सांगितलं: रात्र होती, लाइट बंद करून चालले होते, गाडी खाली गेली. तो दुसऱ्या दिवशी निघून गेला. त्याचं वाक्य मात्र गावात राहिलं. लाइट बंद करून घाटात कोण ट्रक चालवतं? प्यायलेला. पेन्शन सुरू झाली, कागदावर कुणी काही वावगं लिहिलं नाही, पण गावाने आपला निकाल दिला होता.

आता गावाच्या फाट्यावर स्मारक व्हायचं होतं. वाल्मीकनाना नावाच्या शेतकऱ्याने आपला जुना शक्तिमान ट्रक त्यासाठी दिला होता. दसऱ्याला तो चौथऱ्यावर चढवायचा आणि खाली दगडावर नाव कोरायचं, असा बेत. गावातून सैन्यात जाऊन न परतलेला माणूस एकच, तेव्हा नाव कुणाचं हा प्रश्न नव्हता. पण रामनाथचे चुलतभाऊ भाऊसाहेब आडवे आले. त्यांचं म्हणणं, गाडी ठेवा, नाव नको. स्वतःच्या चुकीने मेलेल्या माणसाचं नाव दगडावर कोरून पोरांना काय शिकवायचं?

“बाहेरचा कुणी बोलला असता तर आईने ऐकून घेतलं नसतं,” संगीता म्हणाली. “पण ते घरातले. आणि त्यांनी जन्मभर ट्रक चालवलाय.”

“मग मी काय करू?”

“आईला तुम्हाला एक गोष्ट विचारायचीय. ती तिच्याच तोंडून ऐका.”

निफाडच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंच्या बागांची छाटणी नुकतीच झाली होती. तारांवर नुसत्या उघड्या काड्या, आणि काडीवरचे डोळे, म्हणजे कोंब, लवकर फुटावेत म्हणून बायका काडीकाडीला हाताने औषध लावत होत्या. हिरव्यागार मांडवांचे फोटो पाहून आलेल्या माणसाला हे दृश्य भकास वाटतं. मला बरं वाटलं. माझ्या मनाची अवस्था तशीच होती.

कादवेकाठचं गाव

कादवा नदीच्या काठच्या या गावाचं नाव मी लिहीत नाही. कारण पुढे येईलच.

ट्रक नानांच्या कांदा साठवायच्या चाळीला लागून, कडुनिंबाखाली उभा होता. लष्कराने लिलावात काढलेला हा ट्रक नानांच्या वडिलांनी घेतला होता. त्याने वर्षानुवर्षं कांदा वाहिला, मग पाठीवर टाकी घेऊन दुष्काळात बागांना पाणी घातलं. नाना सत्तरीचे, टोपी घातलेले, आणि ट्रकचं बोलताना तो घरातलाच कुणी असल्यासारखे बोलणारे.

“हा तुमचाच माल, भाऊ,” ते म्हणाले. “वळखा काय काय ते.”

मी ओळखत गेलो. दारामागच्या दोन चिमट्यांत नानांनी फवारणीची नळी अडकवली होती. ते चिमटे रायफलचे. केबिनच्या छताला गोल झाकण होतं, त्यावर पत्रा ठोकलेला. वडिलांनी हे भोक उकाड्यासाठी ठेवलंय असं नानांना वाटायचं. तिथे जवान उभा राहून आभाळावर नजर ठेवायचा, असं मी सांगितल्यावर नाना मान वर करून बराच वेळ पाहत राहिले. पुढच्या बंपरवरच्या पिवळ्या गोल पाटीवरचा आकडा म्हणजे गाडीचा रोल नंबर, असं सगळा गाव समजत होता. तो कुठला पूल या गाडीचं वजन पेलेल ते सांगणारा आकडा. प्रत्येक उत्तराला नाना “आरं तिच्या” म्हणायचे आणि कुणाला तरी हाक मारून सांगायचे.

लाइटचं बटण पाहिलं. फिरवायचं बटण, त्याला चार-पाच जागा. त्यातली एक जागा नानांनी तार गुंडाळून बंद केली होती.

“हे का?”

“तिकडं फिरवलं का गाडी आंधळी व्हती. समदी लाइट जाती. एकदा चुकून फिरवलं आन् वडील बांधावर चढले. तव्हापासून तार हाय.”

मी मान डोलावली आणि पुढे गेलो. मागे गाडीच्या पोटाखाली टोपी घातलेला एक इवलासा दिवा दिसला. वाकून पाहिलं, नंबरप्लेटचा असावा असं ठरवलं, आणि वहीत लिहिलं: बल्ब आणणे. असे दिवे माझ्या हातून शेकड्याने गेले होते. पण मी ते खोक्यातच पाहिलेले.

रंगारी अजून आला नव्हता. पूर्ण ट्रक हिरवा करायचा होता, खालीवर सगळा. पण पितृपक्ष चालू होता आणि पित्रं झाल्याशिवाय नवं काम सुरू करायला नाना तयार नव्हते. संगीता यावर चिडली होती. मीही मनात म्हटलं, लोखंडाला कसला आलाय पितृपक्ष. नानांनी ऐकलं नाही हे किती बरं झालं, ते मला दुसऱ्या दिवशी कळलं.

संध्याकाळी संगीताच्या आईकडे जेवायला गेलो. इंदूबाई. उंच, वाळलेल्या, कमी बोलणाऱ्या. भाजीपाल्याचं दोन बिघे रान त्यांनी एकटीने कसलं आणि मुलीला शिकवलं. बाजरीची भाकरी, शेवभाजी आणि कच्चा कांदा वाढला. कांदा बुक्कीने फोडून दिला, कापून नाही. माझं जेवण होईपर्यंत त्यांनी काही विचारलं नाही. मग म्हणाल्या, “भाऊ, मिलिट्रीच्या गाडीत ताटाएवढं पांढरं काय आसतं?”

मला कळलं नाही.

“त्यांनी सुट्टीवर आल्यावर सांगेल व्हतं. म्हने, रातच्याला आमाला काय बी दिसत नाय, निस्तं ताटाएवढं पांढरं दिसतं, त्याच्या मागं जायाचं. मी इचारलं, ते काय? तर हासले. म्हने, तुला नाय कळायचं. मंग पुढं सांगाया राह्यलेच नाय.”

ही गोष्ट त्यांनी तेव्हा लोकांना सांगितली होती. लोक म्हणाले, बघा, प्यायलेल्या माणसाला असंच काहीबाही दिसतं.

मी मनातल्या मनात सगळा ट्रक उलगडला. घड्याळं काळी. आरसे चौकोनी. पुढची पाटी पिवळी. माझ्या भांडारात येणाऱ्या प्रत्येक वस्तूला नंबर असे, आणि ताटाएवढी पांढरी अशी एकही वस्तू मला आठवेना.

“असं काही नसतं, इंदूताई,” मी म्हणालो.

त्यांनी ताट उचललं. “बरं,” म्हणाल्या. त्या एका शब्दाने मला रात्रभर झोप लागली नाही. खोटं कसं बोलणार? पण खरं बोलूनही फार वाईट वाटलं.

लासलगाव

दुसऱ्या दिवशी बॅटऱ्या आणि बल्ब आणायला लासलगावला जायचं होतं. न्यायला पिकअप घेऊन आले ते भाऊसाहेबच. मला अवघडल्यासारखं झालं. पण गाव लहान, गाडी त्यांची, आणि पाहुण्याला सोडायला कुणी नाही म्हणत नाही.

बाजार समितीसमोर ट्रॅक्टरांची रांग मैलभर. लिलाव करणारे लोक ढिगावरून ढिगावर सरकतात, मूठभर कांदे उचलतात, सोडतात, आकडा बोलतात आणि पुढे जातात. मागे उभ्या शेतकऱ्याचा चेहरा पाहिला की भाव कळतो. हवेत कांद्याचा असा वास की डोळ्यांत पाणी येतं आणि कुणालाच त्याचं काही वाटत नाही. रस्त्यापलीकडे स्पेअर पार्टच्या दुकानात मी चोवीस व्होल्टचे बल्ब मागितले. दुकानदाराने चहा पाजला, मग बल्ब दिले. आमच्याकडे आधी पैसे विचारले असते.

चहा पिताना भाऊसाहेब आपणहून बोलले. धिप्पाड माणूस, आवाज बारीक.

“तुमाला वाटत आसंल मी दुष्ट हाय. रामनाथ माझ्यापरीस दोन वर्सांनी मोठा. गाडी त्यानंच शिकवली मला. मी कलकत्त्यापर्यंत कांदा नेलाय. धुकं पाह्यलं, पूर पाह्यला. एकदा छत्तीसगडात लाइट गेली, तर सकाळपर्यंत जागचा हाललो नाय. मालक फोनवर शिव्या देत व्हता. द्या म्हटलं. मागं-पुढं मानसं आसत्यात रोडला.” त्यांनी कप खाली ठेवला. “आन् ज्यानं मला हे शिकवलं, तोच लाइट बंद करून घाटात गेला. कसं माफ करू?”

इतका वेळ मी त्यांना भाऊबंदकीतला माणूस समजत होतो. हा राग निराळा होता. ज्याच्यावर जीव होता, त्याच्यावरचा तो राग होता.

गाडीखाली

परतल्यावर दोन बॅटऱ्या जोडल्या, पुढचे दिवे लागले, नानांनी टाळ्या वाजवल्या. मग बल्ब घेऊन मी मागच्या बाजूने गाडीखाली शिरू लागलो तर नाना ओरडले, “चप्पल काढा! तिथं देव हाय!”

मी थांबलो. “कुठे?”

“खाली. गोळ्यावर.”

मागच्या दोन चाकांच्या मधोमध, आसावर जो मोठा लोखंडी गोळा असतो, त्याला मेकॅनिक हाउसिंग म्हणतात. नानांनी सांगितलं की गाडी लिलावातून आणली तेव्हा हा गोळा मागून पांढराशुभ्र रंगवलेला होता आणि त्याच्यासमोर छोटा दिवा बसवलेला. वडील म्हणाले, मिलिट्रीवाल्यांनी गाडीखाली देव केलाय, वर दिवाही ठेवलाय. तेव्हापासून दर दसऱ्याला या घरातलं कुणीतरी गाडीखाली सरपटत जाऊन गोळ्याला चुन्याचा हात देतं, हळदकुंकू लावतं, फूल ठेवतं. वडील गेल्यावर नाना, आता त्यांचा मुलगा. एक दसरा चुकला नाही.

मला हसू येणार होतं. आमच्या भांडारातही दसऱ्याला वजनकाट्याला झेंडूचा हार घालायचो आणि टाइपरायटरपुढे नारळ फोडायचो, पण गाडीच्या आसाला देव केलेला मी ऐकला नव्हता. चप्पल काढली आणि पाठीवर सरकत आत गेलो.

चुन्याच्या खपल्यांखाली चुना, त्याच्याखाली चुना. वर कुंकवाचा जुना, तपकिरी पडलेला टिळा. कडेला नखाने खरवडलं तर तळाशी टणक, तुकतुकीत तेलरंग लागला. पांढरा. हा घरगुती नव्हता, लष्करी रंग होता. मी मान वळवून दिव्याकडे पाहिलं. नंबरप्लेटचा दिवा नंबरप्लेटकडे पाहतो. या दिव्याचं तोंड गोळ्याकडे होतं. वर टोपी, बाजूंना पत्रा. आभाळातून दिसणार नाही, बाजूच्या डोंगरावरून दिसणार नाही. दिसेल फक्त बरोबर मागून येणाऱ्याला.

ताटाएवढं पांढरं.

मी झटकन उठायला गेलो. डोकं वर आपटलं, ग्रीसचा तो डाग तेव्हाचा. हा दिवा मी जन्मभर मोजून दिला होता, पण तो कशावर पडतो हे माहीत नव्हतं, कारण पांढरा रंग तुकडीत गेल्यावर मारत आणि रंगाच्या पट्ट्याला भांडारात नंबर नसतो. दिव्यात नवा बल्ब बसवून मी बाहेर आलो, बटणावरची नानांची तार सोडवली आणि बटण त्या आंधळ्या जागेवर फिरवलं. पुढचे-मागचे सगळे दिवे गेले. गाडीखाली मात्र इवलासा उजेड पडला.

संगीता आईला घेऊन आली. मी सगळं सांगितलं. शत्रूच्या नजरेत येऊ नये म्हणून ताफा लाइट बंद करून चालतो. बटणाची ही जागा त्यासाठीच बनवलेली आहे. पुढच्या गाडीचा हा गोळा तेवढा दिसतो, त्याच्या मागे जायचं. आणि हेही स्पष्ट केलं की हा ट्रक रामनाथांचा नाही, त्यांचा दरीत गेला. पण बनावट तीच.

भाऊसाहेब मागे उभे राहून ऐकत होते. म्हणाले, “बरं, हुकूम आसंल. पन पिऊन नव्हता कशावरून?”

सगळे माझ्याकडे पाहू लागले. “ते मला माहीत नाही,” मी म्हणालो. “तो काय प्यायला होता, काय नव्हता, हे दिवा सांगणार नाही. लाइट बंद होत्या हा त्याचा गुन्हा नव्हता, एवढंच मी सांगू शकतो.”

इंदूबाईंनी कुणाकडेच पाहिलं नाही. त्या गुडघ्यांवर हात टेकून वाकल्या होत्या आणि उजेडाकडे बघत होत्या. “आत्ता ऊन हाय,” त्या म्हणाल्या. “अंधार पडल्यावर दाखवता यील का? चालती गाडी?”

“मीही कधी पाहिलेलं नाही,” मी म्हणालो.

“मागं मी चालवतो,” भाऊसाहेब म्हणाले. “बघू तुमचा देव.”

शिवाररस्ता

सर्वपित्रीची आदली संध्याकाळ. चंद्र नव्हता. दिवेलागण होऊन गेल्यावर नानांनी ट्रक सुरू केला, शेजारी संगीता बसली. मागे पिकअपमध्ये भाऊसाहेब, मधे मी, खिडकीला इंदूबाई. नदीकडे जाणारा कच्चा रस्ता, दोन्हीकडे द्राक्षबागांचे लोखंडी खांब. नानांनी बटण फिरवलं. भाऊसाहेबांनीही आपल्या लाइट घालवल्या.

आधी काहीच दिसेना. मग अंधारात, जमिनीपासून हातभर वर, पांढरं ताट लागलं. खरंच ताट. त्याच्या मधोमध नानांच्या घरच्या कुंकवाचा डाग. ते ताट हललं आणि चालू लागलं.

आम्ही त्याच्या मागे निघालो. थोडं अंतर पडलं की ते बशीएवढं व्हायचं, भाऊसाहेब वेग वाढवायचे, की ते अंगावर यायचं. रस्ता दिसत नव्हता, बांध दिसत नव्हते, ट्रकही दिसत नव्हता. भाऊसाहेब स्टिअरिंगवर ओणवे झाले होते. पापणी लवली तरी ताट निसटेल अशी भीती मलाच वाटत होती, आणि माझ्या हातात तर काहीच नव्हतं. इंदूबाईंचा हात डॅशबोर्डवर घट्ट होता.

ओढ्यापाशी रस्ता उतरून वळतो, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. तरीही ते घडलं तेव्हा कुणी तयार नव्हतं. ट्रक उतारावर गेला, वळला, आणि ताट नाहीसं झालं.

विझलं नाही, मंद झालं नाही. होतं आणि नव्हतं. भाऊसाहेबांनी ब्रेक मारला, पिकअप घसरली, आणि बंपर बागेच्या लोखंडी खांबावर आदळला. इंजिन बंद पडलं. रातकिडे ऐकू येऊ लागले.

“लागलं का, वहिनी?” भाऊसाहेबांनी विचारलं.

“नाय.”

“इथं खांब व्हता म्हनून.” त्यांचे हात अजून स्टिअरिंगवरच होते. “तिथं खांब नसंल.”

इंदूबाई म्हणाल्या, “एवढंच दिसायचं त्याह्यला. रोज.”

भाऊसाहेबांनी टोपी काढून तोंड पुसलं. “वहिनी, पेलेला मानूस ह्याच्या मागं धा पावलं जायचा नाय. मी सांगतो. मी न पिता गेलो आन् आपटलो.” मग ते म्हणाले, “मी लय वंगाळ बोललो त्याला. इतकी वर्सं बोललो.”

इंदूबाई ‘असू दे’ही म्हणाल्या नाहीत. मला ते योग्य वाटलं. पण पिकअपमधून उतरताना त्यांना आधार हवा होता, तेव्हा त्यांनी माझ्याऐवजी भाऊसाहेबांचा हात धरला.

सर्वपित्री

दुसऱ्या दिवशी इंदूबाईंच्या घरी पित्रं होती. खीर, वडे, कढी, अळूची भाजी, गवार. भाऊसाहेब आले आणि पानावर बसले. संगीता कानात म्हणाली की हे या घरात पित्राला पहिल्यांदाच जेवतायत. त्यांनी खीर दोनदा मागून घेतली. इंदूबाईंचं आणि त्यांचं बोलणं पावसावर आणि टोमॅटोच्या भावावर झालं.

जेवून आम्ही फाट्यावरचा चौथरा बघायला गेलो. गवंड्याने चाकांच्या खुणा केल्या होत्या. गाडीचं तोंड रस्त्याकडे, जसं सगळीकडे असतं. नावाचा आता प्रश्नच उरला नव्हता; भाऊसाहेबांनी सकाळीच गवंड्याला अक्षरं केवढी हवीत ते सांगितलं होतं. मी रंगाबद्दल बोललो: सगळं हिरवं करा, गोळा पांढरा ठेवा, बटणावर तार पुन्हा बांधू नका.

“मंग आमी इतकी वर्सं उगाच पूजा केली म्हना,” नाना खट्टू होऊन म्हणाले.

“नाना, तुम्ही चुना लावला म्हणून ते पांढरं राहिलं,” मी म्हणालो. “नाहीतर इथे मला गंजलेलं लोखंड दिसलं असतं आणि मी इंदूताईंना तेच सांगून परत गेलो असतो. आणखी एक. रंगारी आधी आला असता तर सगळं हिरवंच झालं असतं.” नानांचा चेहरा खुलला. पितृपक्षावर चिडल्याबद्दल संगीताने जीभ चावली.

इंदूबाई चौथऱ्याभोवती फिरून आल्या. म्हणाल्या, “तोंड गावाकडं करा. पाठ रस्त्याला.”

“आवो, शिपायाच्या गाडीची पाठ दाखवायची लोकांला?” नाना म्हणाले.

“मागून येनाऱ्याला दिसाया पाह्यजे ना.”

नाना काही बोलणार होते. भाऊसाहेबांनी पायाने गवंड्याच्या खुणा पुसल्या आणि खडू उचलला.

देहूरोड

आजवर चौकाचौकांत चौथऱ्यावर ठेवलेल्या पुष्कळ गाड्या मी पाहिल्या. सगळ्या येणाऱ्याकडे तोंड करून उभ्या असतात. ही एकच पाठमोरी. गावाचं नाव न लिहिण्याचं कारण हेच, की लोक हौसेने बघायला जातील, गाडी उलटी ठेवलीय म्हणून हसतील, फोटो काढतील. ज्याला त्या रस्त्याने जायचंच आहे, त्याला ती आपोआप दिसेल.

दसऱ्यानंतर आठवड्याने संगीताने फोटो पाठवला. संध्याकाळचा आहे. ट्रक नुसता काळा आकार, वरचा हिरवा रंग कळतही नाही. दगडावरचं नाव अंधारात वाचता येत नाही. खाली तेवढं पांढरं ताट उजळलंय, त्यावर ताजं कुंकू आणि झेंडूचं एक फूल. लासलगावहून रिकामे परतणारे ट्रक फाट्याजवळ वेग कमी करतात, असं तिने लिहिलं होतं. आईला रोज बघायला जाणं अजून जमत नाही, हळूहळू जाऊ लागेल. बटण फिरवायला मात्र रोज दिवेलागणीला भाऊसाहेब जातात.